चार्टवरचे वीस

मोठ्या रुग्णालयांतल्या बऱ्याच जनरल वॉर्डांत टीपीआर चार्ट चाळले तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. तापाचा आकडा चढतो-उतरतो, नाडीचाही हलतो, श्वासाच्या रकान्यात मात्र सकाळ-संध्याकाळ २०, २०, २०. न्यूमोनियाच्या रुग्णाला २०, हर्नियाचं ऑपरेशन झालेल्याला २०, उद्या घरी जाणाऱ्यालाही २०. नर्सिंगमधल्या कुणाला हे नवीन नाही, आणि ही रड काही आपल्याच देशाची नाही. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकांनीही श्वासाच्या गतीला सगळ्यांत दुर्लक्षित लक्षण म्हटलेलं आहे. पण हे २० लिहिणारा हात अडाणी नसतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला श्वास कसा मोजायचा हे मोठ्या नजाकतीनं शिकवलेलं असतं. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून उचलायची नाहीत, नजर हळूच छातीकडे न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. तीन-चार वर्षांनी तीच मुलगी अधिपरिचारिका म्हणून रुजू होते आणि न मोजता २० लिहू लागते. मधे काय घडलं? ‘पुस्तकातलं वेगळं, वॉर्डातलं वेगळं’ हे उत्तर तिला पहिल्याच पोस्टिंगमध्ये सिनियरांकडून मिळालेलं असतं. मला ते पटत नाही. पुस्तकातलं ज्ञान वॉर्डात पोचतच नाही असं नाही. ते पोचतं, रोजच्या नेमाचं काम होऊन पोचतं. आणि त्या नेमामागचं ‘का’ विचारायला तिथं कुणी नेमलेलंच नसल्यामुळे पुढे नेम तेवढा उरतो. प्रश्न परिचारिकेच्या बुद्धीचा किंवा निष्ठेचा फारसा नाही, त्या विचारणाऱ्या माणसाच्या जागेचा आहे.

त्या रकान्याचं मोल काय, ते आधी पाहू. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की पेशींना प्राणवायू अपुरा पडतो, रक्तात आम्ल साठू लागतं, आणि त्याचा तोल सावरण्यासाठी शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायची घाई करतं. श्वास वाढतो तो त्यामुळे. रक्तदाब मात्र त्या वेळी पुष्कळदा ठीक असतो, कारण रक्तवाहिन्या आकसून आणि हृदय वेगानं चालून तो धरून ठेवलेला असतो. हा जोर संपला की तो कोसळतो आणि मग धावपळ सुरू होते. हे सगळं शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात आहे आणि परीक्षेत लिहिलंही जातं. वॉर्डात त्याचा अर्थ एवढाच, की दोघांचंही बीपी १२० असलं तरी श्वास २८ असलेला रुग्ण हा १६ असलेल्यासारखा नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली रुग्ण ढासळू लागल्याची चाहूल देणारी ‘न्यूज’ नावाची गुणपद्धत आणली. तिच्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २५ किंवा त्याहून जास्त असतील तर ३. आणि एकट्या त्या रकान्यात ३ आले तरी रुग्णाला तातडीनं पाहायचं असतं. आता न मोजता लिहिलेल्या २० ला या पद्धतीत शून्य मिळणार. म्हणजे पद्धत आणली, तिचं प्रशिक्षण दिलं, बेरीज संगणकाकडे सोपवली, तरी बेरीज बिनचूक आणि उत्तर चूक. उलटही होतं. मॉर्फिनवर असलेल्या रुग्णाचा श्वास मंदावून आठ-दहावर आलेला असतो, आणि चार्टवरचा २० त्यालाही झाकतो. नवा फॉर्म, नवं अ‍ॅप किंवा नवी कार्यशाळा हा यावरचा इलाज नव्हे, एवढं यातून कळायला हरकत नाही.

मग इलाज कुठला? त्याची एक खूण गडचिरोलीत सापडते. तिथं ‘सर्च’ संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांच्या न्यूमोनियाचं काम हाती घेतलं. त्याचे निष्कर्ष १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे की साधा खोकला, हे स्टेथोस्कोपशिवाय ठरवायचं तर श्वास मोजणं हाच मार्ग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०, हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेनंही धरलेले आहेत. मोठे आकडे मोजण्याची सवय नसलेल्या सुईणींसाठी बंगांनी वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असं साधं उपकरण बनवलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई त्यावर श्वास मोजू लागली. शहरातल्या शिकलेल्या परिचारिकेच्या हातून जे सुटतं ते तिच्या हातून का सुटलं नसेल? ती जास्त प्रामाणिक होती म्हणून, असं मी म्हणणार नाही. तिच्या मोजण्यावर काहीतरी ठरत होतं, हे खरं कारण आहे. शेवटचा मणी सरकला तर या मुलाला न्यूमोनियाचं औषध, नाही सरकला तर नाही. आकडा आणि कृती यांच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं. वॉर्डातला आकडा मात्र चार्टवर चढतो, राउंडला आलेला डॉक्टर बीपी आणि ताप बघून पान उलटतो, आणि श्वासाचा रकाना भरला आहे की नाही हे बघणारी व्यक्ती येते ती थेट तपासणीच्या दिवशी. ज्या मोजणीवर काहीच अवलंबून नाही ती मोजणी माणूस फार दिवस करत नाही. हा आळशीपणा आहे असं म्हणणं सोपं आहे, पण कुठल्याही कचेरीत हेच होतं.

ज्ञान वरून खाली येतं, म्हणजे विद्यापीठातून वर्गात आणि वर्गातून वॉर्डात, हेही आपण फार गृहीत धरतो. पाठीचं उदाहरण घेऊ. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची बॅक केअर म्हणजे साबण-पाण्यानं पाठ पुसायची, स्पिरिटनं चोळायची, वर पावडर लावायची, असं परिचारिकांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. लंडनमध्ये डोरीन नॉर्टन नावाच्या परिचारिकेनं वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा रीतसर अभ्यास केला. मॅकलारेन आणि एक्स्टन-स्मिथ हे तिचे सहकारी. १९६२ साली तो पुस्तकरूपानं आला. बेडसोअर टाळायला मलमं आणि लेप यांपेक्षा रुग्णाची कूस वेळच्या वेळी बदलणंच कामी येतं, असं तिला दिसलं. रुग्णाची प्रकृती, शुद्ध, हालचाल, चालणं-फिरणं आणि मलमूत्रावरचा ताबा या पाच गोष्टींवरून धोका कुणाला जास्त ते ठरवणारं तिचं कोष्टक आजही नॉर्टन स्केल म्हणून शिकवलं जातं. हाडावरचा लाल झालेला भाग चोळू नये, त्यानं आतल्या ऊतींना इजा होते, असं आता मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते हा भाग वेगळाच. नॉर्टनचं मोठेपण मला यात वाटतं, की जे काम तिच्या आधी हजारोंनी श्रद्धेनं केलं त्याकडे तिनं संशयानं पाहिलं, आणि संशय आल्यावर नोंदी ठेवल्या. तिच्याही शंभर वर्षं आधी फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं तेच केलं होतं. दूषित हवेतून रोग पसरतात हा तिचा सिद्धांत चुकीचा होता आणि ती तो दीर्घकाळ धरून होती. पण क्रिमियन युद्धातले सैनिक जखमांपेक्षा कितीतरी जास्त रुग्णालयातल्या रोगांनी मेले, हे १८५८ साली तिच्या रंगीत आकृतीनं दाखवलं ते खरं ठरलं. सिद्धांत चुकला तरी वही बरोबर असेल तर चूक पुढे सापडते. वहीच खोटी असेल तर बरोबर सिद्धांताचाही उपयोग नाही.

इथं वॉर्ड पाहिलेला कुणीही मला थांबवेल. रात्रपाळीला एक सिस्टर, चाळीस-पन्नास रुग्ण, त्यात नवीन अ‍ॅडमिशन, संपलेली सलाईन, इंडेंट, रजिस्टरं आणि दारात हुज्जत घालणारे नातेवाईक. पन्नास रुग्णांचे पन्नास श्वास मोजायचे म्हणजे जवळजवळ एक तास गेला. तिला सिद्धांत शिकवायला निघालेल्या लेखकानं एक रात्र तिथं काढावी. हा आक्षेप खरा आहे आणि त्याच्या बाजूनं भक्कम पुरावाही आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या रुग्णालयांचा अभ्यास केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याकडच्या वॉर्डांचा हिशेब या दरानं करायचा धीर होत नाही. पण एकेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, तेव्हा ओझ्याच्या आकड्याशेजारी दुसराही आकडा उभा राहिला. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथं मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे कबूल. तरी शिक्षणाची खूण मृत्यूच्या आकड्यांत उमटते, आणि ती ओझ्याच्या तोडीस तोड उमटते, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आणि तसंही, पन्नास रुग्ण असतील तर शास्त्र जास्तच लागतं. पन्नासांतले कुठले पाच पूर्ण मिनिटभर पाहायचे हे शास्त्राशिवाय कोण सांगणार? ऑपरेशननंतरची पहिली रात्र असलेला, तापात गुंगलेला, मॉर्फिन चालू असलेला, लघवी कमी झालेली बाळंतीण. उरलेल्या पंचेचाळिसांचा रकाना कोरा राहिला तर राहू द्यावा. कोऱ्या रकान्यावरून ‘मोजलं नाही’ एवढं तरी खरं कळतं. पण आपल्या तपासणीत कोऱ्या रकान्याला मेमो मिळतो आणि खोट्या २० ला कधीच मिळत नाही. हा मेमो देणाऱ्यांनी कधी विचार केला आहे का, की आपणच खोटं लिहायला शिकवतो आहोत?

दुसरा आक्षेप जुन्याजाणत्या परिसेविकांचा. त्या म्हणतात, पुस्तकं राहू द्या, पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर वॉर्डाच्या दारातूनच कळतं कुठला पेशंट आज बरा नाही. हे खोटं नाही. पॅट्रिशिया बेनरनं १९८४ साली याच गोष्टीवर पुस्तक लिहिलं. वैमानिक आणि बुद्धिबळपटू यांच्यावरून ड्रायफस बंधूंनी मांडलेल्या पाच पायऱ्या तिनं परिचारिकांना लावल्या. नवशिकी नियमावर चालते, आणि निष्णात परिचारिका नियम न आठवता सगळी परिस्थिती एका नजरेत घेते, असं तिचं म्हणणं. मला त्यातलं अर्धं पटतं. ती नजर असते, आणि ती शिकवून येत नाही. पण स्पिरिटनं पाठ चोळणाऱ्या परिसेविकेलाही पंचवीस वर्षांचा अनुभव होता, आणि तिलाही आपण बरोबर करतो आहोत याची तितकीच खात्री होती. खात्री आणि बरोबर असणं यांतला फरक अनुभवाला आतून कळत नाही. त्यासाठी ‘तुम्हाला काय दिसलं, सांगा ना’ असं विचारणारं समोर कुणी असावं लागतं, आणि सांगितल्यावर ते पडताळावंही लागतं. अनुभव आणि शास्त्र एकत्र नांदल्याचं आपल्या मातीतलं मोठं उदाहरण म्हणजे मुंबईचं केईएम. १९७३ साली झालेल्या अत्याचारानंतर अंथरुणाला खिळलेल्या, त्याच रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना तिथल्या परिचारिकांनी २०१५ साली त्यांचं निधन होईपर्यंत ४१ वर्षांहून जास्त काळ सांभाळलं. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं या शुश्रूषेची वाखाणणी केली. लोक याला माया म्हणतात. माया होतीच, पण चार दशकं मायेनं निभत नाही. एका पाळीनं दुसरीला, एका पिढीनं दुसरीला ओव्हर देताना कूस कधी बदलली, कातडी कशी दिसते, काय खाल्लं हे सांगत राहावं लागतं. नेमाचंच काम, पण आपण ते कशासाठी करतो हे प्रत्येक पाळीला माहीत असलेलं. नेम वाईट नसतात. कारण हरवलेला नेम वाईट.

कारण हरवतं कसं, यावर इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषकानं १९६० साली लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयाबद्दल लिहिलेला निबंध आजही अस्वस्थ करतो. तिला असं दिसलं, की दुःख आणि मृत्यू यांच्याशी रोजच्या संबंधातून येणारी धास्ती टाळण्यासाठी रुग्णालयानं कामाचे तुकडे पाडले होते. एका रुग्णाचं सगळं एकीनं पाहायचं नाही. एकीनं सगळ्यांचं एकेक काम करायचं. आपल्या वॉर्डातही तेच आहे: एकजण टीपीआर, दुसरी औषधं, तिसरी ड्रेसिंग, विद्यार्थिनी बेड मेकिंग. यात काम भराभर उरकतं हे खरं. पण श्वास २८, लघवी कमी आणि माणूस जरा भ्रमिष्ट बोलतोय ही तीन निरीक्षणं तीन जणींच्या तीन कागदांवर राहतात आणि कुणाच्याच डोक्यात एकत्र येत नाहीत. सिद्धांत म्हणजे तरी दुसरं काय, या तिन्ही गोष्टी जोडणारी ओळ. आणि जोडल्या तरी सिस्टरचं ऐकतो कोण, हा पुढचा प्रश्न. रात्री दोन वाजता रेसिडेंट डॉक्टरला उठवून ‘पेशंट बरा वाटत नाही’ म्हटलं तर तो ‘बीपी किती?’ विचारून पुन्हा झोपतो. ‘श्वास दोन तासांत २० वरून २८, चार तासांत लघवी ६० मिली, उत्तरं असंबद्ध’ असं म्हटलं तर झोपणं त्याला अवघड जातं. उतरंड यानं मोडत नाही, हे मान्य. पण उतरंडीत खालच्या माणसाच्या हातात जेवढं बळ येऊ शकतं तेवढं मोजून सांगितलेल्या गोष्टीनं येतं.

आणखी एक तक्रार मला अगदी रास्त वाटते. आपल्या मुली परीक्षेसाठी ओरेम, रॉय, पेप्लाऊ यांचे सिद्धांत पाठ करतात आणि वॉर्डात त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. केअर प्लॅनच्या फायली सिनियरांच्या फायलींवरून उतरवल्या जातात. ‘रॅशनल’च्या रकान्यात पुस्तकातलं वाक्य येतं, समोरच्या रुग्णाचं कारण येत नाही. यात दोष ओरेमचा नाही. माणूस स्वतःची काळजी स्वतः घेतो, ते त्याला जमेनासं होतं तिथं परिचारिकेचं काम सुरू होतं, अशी तिची मांडणी. ती मांडणी आपल्या वॉर्डावर ठेवून पाहिली तर लगेच दिसतं, की इथं रुग्ण आणि परिचारिका यांच्यामध्ये तिसरा माणूस आहे: खाटेखाली चटई टाकून झोपलेली बायको, डबा घेऊन आलेला मुलगा. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं ही शुश्रूषा बऱ्याच अंशी तेच करतात, आणि कुणी न शिकवता करतात. आडव्या झोपलेल्या रुग्णाला पाणी पाजू नये, डोकं उंच करून भरवावं, दर दोन तासांनी कूस बदलावी, हे पाच मिनिटांत सांगता येतं. नूरा हेल्थसारखी संस्था रुग्णालयांतल्या परिचारिकांमार्फत नातेवाइकांना हेच पद्धतशीर शिकवते. ओरेमनं दुसऱ्याची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांचाही विचार केलेला आहे, पण आपल्या वर्गात ती ओळ परीक्षेपुरती येते. भेटीच्या वेळेबाहेर नातेवाइकांना हाकलायचं की त्यांना शिकवायचं, हा आपल्याकडचा खरा सैद्धांतिक प्रश्न आहे. तो अमेरिकेतलं कुणी आपल्यासाठी सोडवणार नाही. तो वॉर्डात उभं राहूनच सोडवावा लागेल, आणि उत्तर लिहून ठेवावं लागेल.

आता मूळ मुद्दा, विचारणाऱ्या माणसाच्या जागेचा. वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचा प्राध्यापक सकाळी युनिटचा राउंड घेतो, दुपारी वर्गावर जातो; त्याचे रुग्ण आणि त्याचे विद्यार्थी एकाच ठिकाणी असतात. नर्सिंगमध्ये आपण ही दोन माणसं वेगळी केली. पाठ्यनिर्देशिका कॉलेजची, अधिपरिचारिका रुग्णालयाची. दोघींच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या, वरिष्ठ वेगळे. विद्यार्थिनींना घेऊन पाठ्यनिर्देशिका वॉर्डात येते ती पाहुणी म्हणून. परिसेविकेच्या लेखी विद्यार्थिनी म्हणजे वाढीव हात, पाठ्यनिर्देशिकेच्या लेखी पुरी करायची प्रोसिजर बुक. कुठल्या रुग्णाची जबाबदारी शिकवणारीवर नसते आणि शिकवण्याची जबाबदारी रुग्ण सांभाळणारीवर नसते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं ही दोन कामं एकाच माणसाकडे ठेवण्याची पद्धत जुन्या काळापासून चालवली आहे, म्हणजे हे भारतात अशक्य आहे असं म्हणायची सोय नाही. पगाराचे आणि पदांचे प्रश्न येतील. काही पाठ्यनिर्देशिकांना वॉर्डात परत जाणं कमीपणाचं वाटेल, काही परिसेविकांना ही लुडबूड वाटेल. तरीही नव्या अभ्यासक्रमावर, सेमिस्टरवर आणि सिम्युलेशन लॅबच्या पुतळ्यांवर जेवढी चर्चा होते तिच्या एक दशांश तरी या प्रश्नावर व्हायला हवी. निदान एवढं लगेच करता येईल: नर्सिंग कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणी करायला येणाऱ्या समितीनं इमारतीचे चौरस फूट मोजून झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत. इथली प्रत्येक पाठ्यनिर्देशिका आठवड्यातले किती तास स्वतःच्या नावावर रुग्ण घेऊन काम करते, आणि वॉर्डातल्या किती अधिपरिचारिका वर्गावर शिकवतात? दोन्हींची उत्तरं शून्य असतील तर मान्यता रोखून धरावी.